दोनला हात बाहेर

४ जानेवारी

धाकट्या,

तिचे हात ठीक आहेत.

मागच्या खेपेला दारातून निघताना तू माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाला होतास, "तिचे हात जप." म्हणून आधी ते लिहून टाकलं. त्या दिवशी तू बाकी जे बोललास ते मी विसरले आहे असं समज. मी जे बोलले ते तू विसरला नाहीस, हे दिसतंच आहे. फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बोटीच्या कंपनीच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझ्या इंजिनरूममध्ये ते कधी पोचेल, देव जाणे.

तुझी मुलगी एकोणीस पूर्ण झाली. सगळे अजून टिचकीच म्हणतात. सवय गेलेली नाही ना! पातेलं, खिडकीची काच, माझ्या चष्म्याची डबी, जे दिसेल त्यावर टिचकी मारून त्याचा आवाज ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नाही. नोकरीला लागली आहे. आपल्या गल्लीच्या टोकाला तो पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणारा कारखाना आहे, तिथे. ऑफिसच्या बाजूला बसते. बसून काम आहे, काळजीचं कारण नाही.

खरी बातमी माझी आहे. शाळेने संगीताचा तास बंद केल्यापासून मी घरीच पाच-सहा मुलींना ताल शिकवते, ते तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात कारखान्याचा सुपरवायझर घरी आला. बायका त्याला आटपासाहेब म्हणतात, कारण दिवसभर "आटपा, आटपा" करत फिरतो. चहा अर्धा ठेवून म्हणाला, "बाई, आमच्याकडे एका प्रेसवर दोघी असतात. एक पत्रा ठेवते, दुसरी पायडल दाबते. एकीला घाई, दुसरीला झोप. मेळच बसत नाही. तुम्ही जरा मोजायला शिकवा ना त्यांना."

शिकवलं. साध्या चार मात्रा. एकला पत्रा ठेवायचा. दोनला दोन्ही हात बाहेर, थेट खांद्यापाशी, तळवे समोर. तीनला जोडीदारणीने पायडल दाबायचं म्हणजे प्रेस उतरतो. चारला झाकण उचलायचं, की परत एक. आटपासाहेब म्हणाला, दोनला काहीच काम होत नाही, ही मात्रा फुकट जाते. मी म्हटलं, साहेब, तालात एक जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. आपण टाळ्या देतो आणि त्या जागी हात नुसता हवेत फिरवतो. ती रिकामी मात्रा काढली तर समेवर कधी आलो तेच कळणार नाही. त्याला सम म्हणजे काय तेही सांगावं लागलं. एक. जिथून सुरू होतं आणि जिथे परत यायचं, ती.

आता माझा आवाज रेकॉर्ड करून तिथल्या स्पीकरवर लावला आहे. सकाळी आठपासून सगळा कारखाना माझ्या मोजण्यावर चालतो. बाबा असते तर कारखान्यासमोर खुर्ची टाकून बसले असते.

ताई


२६ जानेवारी

धाकट्या,

तिचे हात ठीक आहेत.

तुझी चिठ्ठी मिळाली. सहा वर्षांत पहिली, आणि तीन शब्दांची. "ऑफिसात की प्रेसवर?" अरे, ख्यालीखुशाली तरी विचारायची, पोलीससुद्धा आधी बसा म्हणतात.

प्रेसवर.

झालं समाधान? ऑफिसच्या बाजूला हेही खोटं नाही, तिचा प्रेस ऑफिसच्या भिंतीला लागूनच आहे. आणि तिला तिथे मीच बसवलं. चार मात्रा न चुकता पाळून दाखवणारं कुणीतरी पहिल्या प्रेसवर हवं होतं. तिच्याइतकं कोण पाळणार? सहा वर्षांची होती तेव्हापासून मी तिला या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन चमचे देऊन बसवत आले. तिची आई गेली, तू बोटीवर गेलास, पोर रात्रंदिवस गप्प. तेव्हा तिच्याशी काय बोलायचं ते मला सुचायचं नाही, म्हणून मोजायचे. एक, दोन, तीन, चार. ती माझ्याबरोबर मोजायला लागली तो तिचा पहिला आवाज. तिच्या अंगात चार असे भिनलेत की जिना उतरतानाही चुकत नाही.

तुझ्यासारखं नाही. तू नेहमी समेच्या आधी पोचायचास, गाडी सुटत असल्यासारखा. बाबांनी तर दारही चारमध्ये वाजवायचा नियम केला होता, आठवतं? तुझं हमखास चुकायचं आणि मी आतून कडी काढायचे नाही. "परत वाजव," म्हणायचे. तू पावसात उभा. मला हसू यायचं. मागच्या खेपेला तू आलास तेव्हाही मी तेच म्हटलं. गंमत होती ती. चाळिशीचा माणूस इतका चिडेल असं वाटलं नव्हतं.

तिला बरोबर न्यायला आला होतास, हे मला आधी सांगायचं होतंस.

ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तिचे हात ठीक आहेत. रोज संध्याकाळी बघते.

"प्रेसला जाळी आहे का?" एवढीच एक ओळ. बरं, तू इंजिनाचा माणूस, तुला जाळीच दिसणार. मला विचारशील तर जाळीपेक्षा ताल मोठा. नुसता लोखंडी पिंजरा लावून काय होतं, माणसाच्या अंगात शिस्त हवी. महिनाभर सगळ्या जोड्या एका लयीत चालल्यात. गेल्या आठवड्यात मी बघायला गेले होते. बारा प्रेस, चोवीस बायका, दोन म्हटलं की अठ्ठेचाळीस तळवे वर. (पायडलवाल्यांना गरज नाही, पण त्याही करतात, गमतीने.) तिसऱ्या प्रेसवर लांबी म्हणून एक उंच बाई आहे, ती तर मान डोलवत काम करते. टिचकीच्या खालोखाल तीच. मला बघून म्हणाली, "बाई, घरी भाकऱ्यासुद्धा तुमच्या आवाजात थापते मी."

आटपासाहेबाची भूक वाढली आहे. परवा पुन्हा येऊन बसला. आधी त्याने रेकॉर्ड नुसतं जोरात पळवून बघितलं होतं, माझा आवाज चिमणीसारखा झाला आणि बायका हसून हसून कामाच्या राहिल्या नाहीत. मी त्याला समजावलं की लय म्हणजे वेग नाही. दोन मात्रांमधलं अंतर सारखं राहिलं पाहिजे, ती लय. मग प्रत्येक मात्रेचे सरळ दोन भाग कसे पडतात ते शिकवलं. एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि. हा "आणि" त्याला फार आवडला. बोटांवर मोजत बसला शाळेतल्या पोरासारखा. मग म्हणाला, "म्हणजे बाई, हात बाहेर काढायचं काम त्या 'आणि'मध्ये बसेल की! दोन नंबरची मात्रा कशाला हवी?"

मी अर्थातच नाही म्हटलं.

जाळीचं विचारलंस. आहे. काढून भिंतीशी ठेवली आहे, हात अडतो म्हणून. सगळ्यांचीच काढली आहे.

ताई


११ मार्च

धाकट्या,

तिचे हात ठीक आहेत. दोन्ही. दहा बोटं. मी आज दोनदा मोजली, दुसऱ्या वेळी ती चिडली.

लांबीचं बोट गेलं. डाव्या हाताचं, पहिल्या पेरापासून. मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. आटपासाहेब म्हणतो, बाईचं लक्ष नव्हतं, निष्काळजीपणा. लांबीचं लक्ष नव्हतं? त्या कारखान्यात लक्ष असलेल्या दोनच बायका होत्या, त्यातली ती एक.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. खोटंही लिहिलं. आटपासाहेबाला मी नाही म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं होतं, बसेल. कागद घेऊन त्याला मांडून दाखवलं. एकला पत्रा ठेवायचा, "आणि"ला हात बाहेर, दोनला पायडल, तीनला झाकण उचलायचं. चाराचे तीन. कागदावर इतकं देखणं दिसत होतं, धाकट्या, मलाच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन नवं रेकॉर्ड करून आले. "एक, दोन, तीन." त्याने विचारलं, "'आणि' म्हणायचं का?" मी म्हटलं, नको, "आणि" मनात म्हणायचा असतो. माझ्या वर्गातल्या मुली मनातच म्हणतात.

अडीच आठवडे काही झालं नाही. मग लांबी.

काल दिवसभर मी त्याच कागदासमोर बसले होते. लांबीचं का, हे कोडं सुटेना. नव्या आलेल्या बायकांना तर चार माहीतच नाहीत. त्यांचं काही चुकत नाही, त्या पत्रा ठेवतात आणि घाबरून हात मागे घेतात. आणि मग लक्षात आलं. लांबीचे हात दोनला बाहेर येतात. मीच ते तसे केलेत. दोन ऐकलं की हात उचलायचे, त्याआधी नाही. आता दोनलाच प्रेस उतरतो.

जी शिकलीच नाही ती सुरक्षित आहे. जी जितकी चांगली शिकली तितका तिला धोका. तू असतास तर तुझे हात वाचले असते, तू कधी कुठल्या मात्रेवर वेळेत थांबलाच नाहीस.

आणि सगळ्यांत चांगली कोण शिकली आहे, ते तुला सांगायला नको.

मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी तुला आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

ताई


१५ मार्च

धाकट्या,

तिचे हात ठीक आहेत, पण उजव्या हाताच्या बोटांवर वळ आहेत. ते माझे.

काल दुपारी तिला सुट्टी होती. टेबलाशी बसवलं. म्हटलं, ही बशी म्हणजे साचा, हा चमचा म्हणजे पत्रा, ही माझी लाकडी पट्टी म्हणजे प्रेस. तू ठेव, मी मोजते. एक, दोन, तीन. दोनला पट्टी मारायची. ती हसत होती. दहा वेळा केलं. सात वेळा हात निसटला, तीन वेळा पट्टी बोटांवर बसली. तिसऱ्यांदा ती हसली नाही.

"सोड ती नोकरी," म्हटलं. "उद्यापासून जायचं नाही."

"आणि माझ्या जागी कोण बसणार?"

"कुणीही बसेल. तुझं काय जातंय?"

"माझी जोडीदारीण नवी आहे, आत्या. तिला तीनच येतात. लांबीच्या जागी बसवलेलीला तर तेही येत नाहीत, मी सुट्टीत शिकवते तिला. मी गेले तर कोण शिकवेल? तू येणारेस?"

मग माझ्या हातातली पट्टी काढून घेत म्हणाली, "तू घाबरू नकोस. मी विसरतेय."

"काय विसरतेस?"

"चार. रोज थोडे थोडे विसरतेय. कारखान्यात मनात मुद्दाम दुसरंच गाणं म्हणते, तुझा आवाज आला की ऐकतच नाही. मागच्या सोमवारी दिवसातून वीस वेळा हात चुकला, काल चारदाच चुकला. घरी तू मोजलंस म्हणून तीनदा लागली. तू मोजतेस तेव्हा मला जमत नाही."

हे ती सहज बोलली, पाणी पिता पिता. तेरा वर्षं मी जे तिच्या अंगात घातलं ते ती स्वतःहून काढून टाकत होती आणि त्यात तिचं भलं होतं. मला ते कळलं. पण मला राग आला, धाकट्या. खरं सांगते, भीतीपेक्षा रागच जास्त आला.

सकाळी आटपासाहेबाकडे गेले. म्हटलं, चार परत लावा. म्हणाला, "बाई, तीनने माल किती वाढला माहितेय? एका बाईच्या बोटासाठी सगळी लाइन मागे न्यायची?" जाळी तरी लावा म्हटलं, तर मागवल्यात म्हणाला. भिंतीशी ठेवलेल्या जाळ्या आम्हा दोघांनाही दिसत होत्या.

तो लावणार नसेल तर मी लावीन. आवाज माझा आहे.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र त्या वाक्याने सुरू करता आलं नाही.

कारखान्याने तुला तार किंवा फोन केला असेल, काय सांगितलं असेल ते ठाऊक नाही. "बाहेरची एक बाई कामाच्या ठिकाणी घुसली" असं त्यांनी कागदावर लिहिलं आहे. ते खरं आहे. आता मी सांगते ते वाच, आणि मधे थांबू नकोस.

मार्चच्या १८ तारखेला टिचकी डबा घरी विसरली. विसरली नाही, मी तिच्या पिशवीतून काढून ठेवला होता. तो घेऊन गेले म्हणजे वॉचमन सोडतो. दुपारचे अडीच वाजले होते. आत माझाच आवाज चालू होता, एक, दोन, तीन. मी स्पीकरची पिन ओढून काढली.

मला वाटलं होतं, सगळं थांबेल. थांबलं नाही. प्रेस चालूच राहिले, बायकांच्या अंगात तीन बसले होते. कुणाला काही झालं नव्हतं. टिचकी पाठमोरी होती. तिचे हात मी बघितले. पत्रा ठेवायची आणि लगेच मागे, नव्या बायकांसारखे. इतके नीट. तिने शिकून घेतलं होतं. मला तिथून परत फिरता आलं असतं. डबा टेबलावर ठेवून निघून जाता आलं असतं.

मी ओरडले. वर्गात मुली गोंधळल्या की जो आवाज लावते, त्या आवाजात. "एक!"

टिचकीची पाठ ताठ झाली. सहा वर्षांची असताना व्हायची तशीच. रेकॉर्डकडे तिने दुर्लक्ष करायला शिकून घेतलं होतं, पण मी स्वतः मागे उभी राहून मोजत होते, ते कसं टाळणार? तिने पत्रा ठेवला. हात तिथेच राहिले, माझ्या दोनची वाट बघत.

"दोन!"

तिचे हात उठले. आणि तिच्या जोडीदारणीने, जिला बिचारीला फक्त तीनच येतात, दोन ऐकून पायडल दाबलं.

दोघींचंही चुकलं नाही. दोघींनी मी जसं शिकवलं तसंच केलं.

उजव्या हाताची दोन बोटं. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. मधल्याने ती टिचकी मारायची.

नऊ दिवस दवाखान्यात होती. आता घरी आहे. ताप नाही, जखम भरते आहे, जेवते. जोडीदारीण रोज येते, तिच्या पायथ्याशी बसून रडते आणि टिचकीच तिला समजावते. कारखान्यात जाळ्या लावल्या. रेकॉर्ड मात्र तेच आहे. खिडकी उघडी असली की गल्लीच्या टोकावरून ऐकू येतं, आवाज माझाच. मी खिडकी लावून घेते. ती उठून परत उघडते.

मोजण्याबद्दल ती एकदाच बोलली. मी पट्टी बदलत होते, माझ्या तोंडून सवयीने निघालं, "एक, दोन..." कापूस कापताना मोजते मी, तुला माहीत आहे. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"मोजू नकोस, आत्या."

मग, रागाने नाही, सरळ सांगितल्यासारखं म्हणाली, "माझे तीन झाले होते. अजून आठ दिवस मिळाले असते तर तू ओरडली असतीस तरी मला ऐकू आलं नसतं."

मी कापूस कापला. न मोजता कापला, तुकडे लहान-मोठे झाले.

तू तिला न्यायला आला होतास तेव्हा मी म्हटलं होतं, "तुला साधा ताल सांभाळता येत नाही, मुलगी काय सांभाळशील?" ते मी बोलले, गल्ली ऐकत असताना बोलले, आणि तू गेलास. मी ते परत घेते. उशीर झाला आहे, पण घेते. ये. तिला विचार, तिला यायचं असेल तर घेऊन जा. मी तिची बॅग भरून ठेवली आहे. तिच्या सहाव्या वर्षीचे दोन चमचे त्यात घातले होते, पण नंतर काढून घेतले.

येशील तेव्हा दार वाजव. कसंही वाजव, किती वेळाही वाजव. मी कडी काढूनच ठेवली आहे.

ताई